बंधाऱ्यामागचं पाणी हिरवं का होतं? (भोगावती, बर्गे आणि प्लवक)

काठावरचा (धागाकर्ता)

राम राम मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बारावीचे पेपर तपासून हातावेगळे झाले म्हणून बसलोय. मी करवीर तालुक्यातला, भोगावतीकाठचा, ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवतो. एमएस्सीच्या वेळची एक प्लवक-जाळी आणि एक जुना मायक्रोस्कोप घरात पडून आहे, सुट्टी लागली की जाळी घेऊन नदीला जातो. बायको म्हणते जाळं घेऊन जाऊन एकदाही मासा न आणणारा गावात एकटाच माणूस आहे.

तर गेल्या आठवड्यात गावच्या केटी (कोल्हापूर टाईप) बंधाऱ्यावर तीन जागी पाणी गाळलं. पहिली जागा फुगवट्याच्या (अडलेलं पाणी मागं जिथवर पसरतं त्याच्या) वर, जिथं नदी अजून खळखळते. दुसरी बर्ग्यांच्या, म्हणजे पाणी अडवायला गाळ्यांत सोडलेल्या फळ्यांच्या, अगदी मागं. तिसरी बंधाऱ्याखाली दीडेक किलोमीटरवर, खडकाळ उथळात. प्रत्येक ठिकाणी बादलीनं मोजून ५० लिटर पाणी जाळीतून ओतलं, टोकाच्या बाटलीत जे उरलं त्यातलं निम्मं जिवंत बघायला ठेवलं, निम्म्यात ते टिकावं म्हणून आयोडीनचे थेंब टाकले, बिनदुधाच्या चहाचा रंग येईपर्यंत.

पहिल्या बाटलीत फार काही नाही. तळाला तपकिरी पूड, मायक्रोस्कोपखाली ती म्हणजे डायटम (काचेसारख्या कवचातले एकपेशीय जीव), होडीच्या आकाराचे नॅव्हिक्युला, सुईसारखे सिनेड्रा. यातले निम्मे तर मुळात दगडाला चिकटून राहणारे, पाण्यानं खरवडून आणलेले. एखाददुसरा रोटिफर (डोळ्याला न दिसणारा बारीक प्राणी).

दुसरी बाटली उघडली तर हरभऱ्याच्या पाल्याची पातळ भाजी! मायक्रोसिस्टिसचे (हे निळ्या-हिरव्या प्रकारातलं प्लवक) ढगासारखे पुंजके, पेडिॲस्ट्रमची रांगोळीसारखी चाकं, अंडं पाठीशी बांधून फिरणारे ब्रॅकिओनस जातीचे रोटिफर, पाणपिसवा (डॅफ्नियाची धाकटी भावंडं, मॉइना) आणि दोन्ही बाजूला अंड्यांच्या पिशव्या लटकवून चाललेल्या सायक्लॉप्सच्या माद्या, बाजाराला निघालेल्या बायकांसारख्या.

तिसऱ्या बाटलीत पुन्हा जवळपास शुकशुकाट. हिरवे पुंजके थोडे होते, पण पाणपिसवा शोधून शोधून दोन, त्यातली एक मेलेली. म्हणजे दीड किलोमीटरात एवढी वस्ती गेली कुठं?

माझं मत सांगतो मग तुम्ही तोडा. बंधारा पाणी अडवतो हे आपण सगळेच म्हणतो, पण प्लवकाच्या दृष्टीनं तो पाण्याला वेळ देतो. वाहत्या नदीतलं प्लवक म्हणजे एसटीतले प्रवासी, बसल्या जागी संसार थाटायला सवड कुठली. बंधारा घातला की एसटी स्टँडवर आठ दिवस उभी, मग तिथंच चुली मांडल्या जातात. पुढचं सगळं, हिरवा रंग, वास, पहाटे मासे वर येणं, हे त्या वेळेतून निघतं असं मला वाटतं. चर्चा होऊ दे.

कोथरूडकरीण

छान लिहिलंय, पण बाळबोध प्रश्न विचारते, प्लवक म्हणजे शेवाळच ना? मग त्याला वेगळं नाव कशाला?

काठावरचा

बाळबोध अजिबात नाही, माझी पोरं वर्षभर शिकून हेच लिहितात पेपरात. शेवाळ दगडाला, घाटाच्या पायरीला धरतं ते वेगळं. प्लवक म्हणजे पाण्यात अधांतरी राहणारं, ज्याला प्रवाहाच्या विरुद्ध पोहता येत नाही असं सगळं. त्यात वनस्पती प्लवक आलं, जे उन्हावर स्वतःचं अन्न करतं, आणि ते खाणारं प्राणी प्लवक. प्राणी प्लवक वळवळतं भरपूर, पण नदीपुढं त्याचं काही चालत नाही.

एक गंमत, यातला सायक्लॉप्स आपल्या आजीआजोबांच्या चांगल्या ओळखीचा आहे, फक्त नाव माहीत नव्हतं. नारू, म्हणजे पायातून लांब जंत बाहेर पडायचा तो रोग, व्हायचा तो यानंच. पायविहिरीत नारूचा रोगी पाय बुडवायचा, अळ्या पाण्यात, त्या सायक्लॉप्सच्या पोटात, आणि तो सायक्लॉप्स पाण्याबरोबर आपल्या पोटात. म्हणून फडक्यातून पाणी गाळून प्या म्हणायचे. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला, २००० मध्ये भारत नारूमुक्त झाला. आजीचं फडकं आणि माझी जाळी, काम एकच.

इरसाल पाटील

सर धागा भारी, पण मुद्द्याचं बोला की, ह्यात आमच्या उसाचं काय? बंधारा न्हवता तवा मार्चमध्ये नदीत क्रिकेट खेळायचो आम्ही. आता पाणी हाय तर ते हिरवं हाय म्हणून तक्रार 😀 मोटारीच्या फुटबॉलला (व्हॉल्व्हला म्हणतोय, मेस्सीच्या न्हवे) तो हिरवा लगदा बसतो हे मात्र खरं, दर चार दिवसाला पाण्यात उतरून साफ करावा लागतोय आणि अंगाला खाज सुटतीय ती वेगळीच.

काठावरचा

पाटील, बंधारा पाडा असं कोण म्हणतंय. खाजेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका, मायक्रोसिस्टिससारख्या निळ्या-हिरव्या प्रकारातल्या काही जातींनी कातडीला पुरळ उठतो. वर साय धरलेली असेल त्या दिवशी उतरू नका, उतरलात तर वर आल्यावर स्वच्छ पाण्यानं अंघोळ करा.

निवृत्त कालवेवाला

मी पाटबंधाऱ्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच बंधाऱ्यांवर. बर्ग्यांबद्दल थोडं लिहितो कारण प्लवकाचं मला कळत नाही पण पाणी कसं थांबतं ते कळतं.

केटी म्हणजे कोल्हापूर टाईप हे सगळ्यांना माहीत असेलच. दगडी खांब, मधे गाळे, गाळ्यांना खाचा. पाऊस ओसरला की खाचांत बर्गे सोडायचे आणि मृगाच्या आधी काढायचे, म्हणजे पुराला नदी मोकळी. पूर्वी लाकडी फळ्या असायच्या, दोन रांगा लावून मधे माती ठासायची, ती ठासणारी माणसंसुद्धा ठरलेली, दुसऱ्या कुणी ठासली की बंधारा गळणार. नंतर लोखंडी बर्गे आणि रबरी पट्ट्या आल्या आणि त्यांच्याबरोबर बर्गे चोरणारे पण आले.

आता तुमच्या प्रश्नाला लागू पडेल अशी गोष्ट. धरणातून आवर्तन (ठरलेल्या पाळीचं पाणी) सुटलं की वरचं पाणी येतं, बंधारा आधीच भरलेला असतो, मग जादाचं पाणी बर्ग्यांच्या डोक्यावरून सांडतं. बघणाऱ्याला वाटतं नदी वाहती आहे. वाहतं ते वरचं हातभर पाणी, तळचं हलत नाही. मे महिन्यात खालचा बर्गा हलवला की जे येतं ते काळं असतं आणि कुजक्या अंड्यासारखा वास मारतं, हे मी माझ्या नाकानं अनुभवलंय.

काठावरचा

काका, तुमच्या एका परिच्छेदात माझं अर्धं प्रकरण आलं. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. वर प्लवक वाढतं, मरतं, खाली बसतं, खाली ते कुजताना ऑक्सिजन संपतो, आणि ऊन तापल्यावर वरचं पाणी गरम हलकं, खालचं गार जड, त्यामुळे दोन्ही मिसळत नाहीत. आमच्यासारख्या उथळ बंधाऱ्यात हे थर वाऱ्यानं मोडतात तरी, मोठ्या धरणात महिनोन् महिने टिकतात.

आता वेळेचा हिशोब मांडतो, कागद घेऊन बसा. फुगवटा समजा ८ किलोमीटर. नदी मोकळी असताना सेकंदाला अर्धा मीटर वाहते असं धरा, तर ८ किलोमीटर जायला साडेचार तास. बर्गे घातल्यावर वेग सेकंदाला २ सेंटिमीटर झाला, तर त्याच अंतराला साडेचार दिवस. आवर्तन बंद असेल तर विचारूच नका.

या साडेचार दिवसांत काय होतं? आपल्याकडच्या कोमट पाण्यात डायटमसारखं एकपेशीय प्लवक दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतं. रोटिफरची पिढी दोनतीन दिवसांत उरकते. पाणपिसवांना पहिली अंडी धरायला आठवडाभर लागतो. सायक्लॉप्स सगळ्यात आळशी, दोनतीन आठवडे. म्हणून बाटलीत कोण कोण आहे ते बघून पाण्याचं वय सांगता येतं, बैलाचे दात बघून सांगतात तसं. नुसते रोटिफर दिसले तर पाणी ताजं, आणि सायक्लॉप्सच्या पिशवीवाल्या माद्या दिसल्या की समजायचं पाणी इथं चांगलं मुरलंय. आमच्या बर्ग्यांमागं त्या होत्या.

शंकासुर

नेहमीप्रमाणे विरोधी बाकावरून. प्लवक वाढलं म्हणजे माशांचं खाद्य वाढलं, म्हणजे मासे वाढले, म्हणजे चांगलंच झालं की. शिवाय तुमच्या धाग्यात सांडपाणी कुठं आहे? काठावरच्या गावांनी गटारं सोडायची, उसाला युरिया ओतायचा आणि दोष बंधाऱ्याला? बंधारा तर बिचारा नुसता उभा आहे.

काठावरचा

दुसरा मुद्दा मान्य, आणि तो मूळ धाग्यात यायला पाहिजे होता. नायट्रोजन-फॉस्फरस गटारातून आणि शेतातून येतो, बंधारा काही खत तयार करत नाही. पण तेच खत वाहत्या पाण्यात असताना नदी एवढी हिरवी होत नाही, कारण प्लवकाला सवड नसते. आणि सवड आहे पण खत नाही असं पाणी, म्हणजे वर घाटातला एखादा तलाव बघा, ते बऱ्यापैकी नितळ राहतं. तिसरी गोष्ट उजेड. पावसाळी नदी गढूळ, ऊन वितीच्या खाली जात नाही. बंधाऱ्यात गाळ खाली बसला की ऊन खोल जातं. खत, ऊन, सवड, तिन्ही एका जागी आलं की मग भाजी शिजते.

पहिल्या मुद्द्याला माझ्यापेक्षा कुणी मासेवाला चांगलं उत्तर देईल.

भिगवणचा नावाडी

मी देतो. आमचं घर उजनीच्या फुगवट्यावर, आजा भीमेत मासं मारायचा, बाप धरणात, मी पण काही वर्षं मारलं मग पक्षी बघायला येणाऱ्या लोकांची होडी चालू केली.

उजनीचं पाणी ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं निम्म्याच्या वर मृत साठा, म्हणजे सहसा हालतच न्हाय. आणि वरून येतंय काय, तर मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, अख्ख्या पुण्या-पिंपरीचं. शंकासुरांनी मासं वाढलं म्हणलं ते बरोबर हाय पण कुठलं वाढलं ते इचारा. आजा सांगायचा वाहत्या भीमेतल्या माशांची नावं, त्यातली निम्मी नावं मला ओळखू पण येत न्हाईत. आता जाळं टाकलं की चिलापी (तिलापिया, बाहेरून आलेला मासा). परत टाकलं, परत चिलापी. कटला-रोहू हाय पण त्याचं बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडावं लागतंय बाहेरून, आपसूक होत न्हाय तेवढं.

उन्हाळ्यात पाणी असं हिरवं होतं की होडीच्या कडेला हिरवी रेघ उमटती, वाळली की निळसर दिसती. हात घातला की हाताला हिरवा रंग लागतो. वारं पूर्वेचं सुटलं की सगळी साय एका काठाला, पश्चिमेचं सुटलं की दुसऱ्या. आम्ही सायीवरून वारं सांगतो.

काठावरचा

नावाडी, ती वाळल्यावर निळसर दिसणारी रेघ म्हणजे निळ्या-हिरव्याची सही. पेशी फुटून आतला निळा रंग बाहेर येतो. आणि साय वाऱ्यानं सरकते कारण मायक्रोसिस्टिसच्या पेशीत हवेच्या बारीक कुप्या असतात, तो आपला आपण वर येतो. डायटमचं उलटं. त्याची पेशी सिलिकाच्या, म्हणजे जवळजवळ काचेच्या, डबीत बंद असते, ती जड. त्याला तरंगत राहायला पाणी ढवळलेलं लागतं. पाणी थांबलं की डायटम तळाला बसतो आणि मायक्रोसिस्टिस वर येऊन ऊन अडवतो. म्हणजे बंधारा नुसतं प्लवक वाढवत नाही, कोण राहणार तेही बदलतो.

चिलापीचं पण यातच आहे. चिलापीच्या पोटातलं ॲसिड इतकं जहाल की तिला निळं-हिरवंसुद्धा पचतं. कटल्याला वरवरचं प्राणी प्लवक लागतं, मायक्रोसिस्टिसचे चिकट पुंजके पाणपिसवांना नीट खाता येत नाहीत, त्यामुळे खालून वर साखळी तुटते. जो हिरवं थेट पचवतो तो जिंकतो. चिलापी वाढायला बाकी कारणं पण आहेत, ती पिल्लं तोंडात सांभाळते, कशातही जगते, पण हे एक.

शंकासुर

हे पटलं. चिलापीला एक मत.

कोथरूडकरीण

आता भीतीच वाटायला लागली. हे पाणी शुद्ध करूनच येतं ना नळाला? आणि उकळलं की झालं ना?

इरसाल पाटील

ताई उकळल्यावर सगळं मरतंय, काळजी करू नका.

काठावरचा

पाटील, नाही. जंतू मरतात, पण मायक्रोसिस्टिसचं विष, मायक्रोसिस्टिन, उकळून जात नाही. उलट पेशी फुटतात आणि विष पाण्यात येतं. यकृतावर परिणाम करणारं आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा सांगितलीय. सगळ्याच मायक्रोसिस्टिसमध्ये विष असतं असं नाही, पण नुसतं बघून कळत नाही. शहराच्या शुद्धीकरण केंद्रात तुरटीनं पेशी अख्ख्या बसवून गाळून काढल्या की बराचसा प्रश्न सुटतो. कोथरूडकरीण, तुम्ही नळाचं पिताय, निवांत झोपा. गावात कुणी मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकून हिरवं मारायचा सल्ला दिला आणि तेच पाणी जनावरं पिणार असतील तर मात्र थांबवा. एकदम मेलं की एकदम विष सुटतं.

निवृत्त कालवेवाला

पहाटे मासे वर येतात त्याबद्दल लिहा की. आम्हाला फोन यायचे, साहेब विष टाकलं कुणीतरी. दरवेळी विषच असायचं असं नाही, असं मला तेव्हापासून वाटतंय.

काठावरचा

हो. हिरवं पाणी दिवसा ऑक्सिजन सोडतं, दुपारी तीनला मोजलं तर पाण्यात गरजेपेक्षा जास्त सापडतो, बुडबुडे सुटताना दिसतात. सूर्य मावळला की हेच प्लवक श्वासासाठी ऑक्सिजन ओढतं, मासे ओढतात, तळचा गाळ ओढतो. पहाटे पाचला तळ गाठलेला असतो. मासे पृष्ठभागाला तोंड लावून वरचा अगदी पातळ थर पितात. त्यात एखादा ढगाळ दिवस मधे आला, दुपारचं उत्पन्न बुडालं, की पहाटे खेळ खलास. किंवा वळीव आला आणि काळं तळ ढवळलं तरी तेच. पंचगंगेत तेरवाडच्या बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच पडल्याचे फोटो पेपरात सगळ्यांनी बघितलेत, तिथं तर सांडपाण्याचा भार दांडगा. त्यात केंदाळ (जलपर्णी). केंदाळानं पाणी झाकलं की प्लवकाला पण ऊन नाही, हिरवं कमी होतं, लोक म्हणतात केंदाळ पाणी स्वच्छ करतं. खाली उतरून वास घ्या म्हणावं.

अवांतर: सकाळी सहाच्या आत ऑक्सिजन मोजायला गेलो होतो एकदा, बॅटरी घेऊन, बाटल्या घेऊन. गावात बातमी की मास्तर नदीवर काहीतरी उतारा टाकतोय.

व्हिएन्नावाली

पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय, नेहमी वाचनमात्र असते. मूळची सातारची, आता डॅन्यूबच्या काठी. सिलिकाचा उल्लेख वाचला म्हणून लिहावंसं वाटलं. डॅन्यूबवर सर्बिया आणि रोमानियाच्या मधे आयर्न गेट नावाचं मोठं धरण आहे, १९७२ साली पूर्ण झालं. त्यानंतर नदी जिथं मिळते त्या काळ्या समुद्रात सिलिका कमी झाली आणि डायटमऐवजी दुसरं प्लवक फोफावलं, त्याचा संबंध धरणाशी लावणारा शोधनिबंध १९९७ मध्ये नेचरमध्ये आला आणि खूप गाजला. डायटम जलाशयात वाढतात, बुडतात, आणि त्यांच्या काचेच्या डब्या तिथंच गाळात राहतात, समुद्रापर्यंत पोचतच नाहीत असा तर्क. नंतर प्रत्यक्ष मोजमापं झाली तेव्हा कळलं की एकट्या आयर्न गेटमध्ये वाटलं तेवढी सिलिका अडकत नाही, वरची डझनावारी धरणं आणि शेतातलं खत यांचाही हात आहे. म्हणजे तुमच्या शंकासुरांसारखे लोक इथंही आहेत 🙂

शंकासुर

आम्ही सर्वत्र आहोत.

तारलीप्रेमी

समुद्राचं नाव निघालं म्हणून मालवणातून. धरणं घाटावर, आम्ही खाली, आमचा काय संबंध असं वाटायचं. मग एकदा नाईलचं वाचलं. आस्वानचं मोठं धरण १९६४ साली पाणी अडवायला लागलं. त्याआधी दरवर्षी पुराचं पाणी भूमध्य समुद्रात गेलं की मुखापाशी डायटमची दाट फूट यायची आणि त्यावर तारल्यांचे (सार्डिन माशांचे) थवे. १९६२ ला १८ हजार टनांच्या आसपास तारली मिळत होती, धरणानंतर काही वर्षांत ती काही शेकडा टनांवर आली. पूर नाही, खत नाही, डायटम नाही, तारली नाही. ऐंशीच्या दशकात मासे परत वाढले, आणि ते वाढले कशानं, तर मुख्यतः कैरो-अलेक्झांड्रियाच्या गटारांनी आणि शेतातल्या खतानं, असं शास्त्रज्ञ म्हणतात. कपाळाला हात लावावा की टाळी वाजवावी कळेना.

चिपळूणचा

आमचं उलटं आहे! कोयनेचं पाणी खरं तर पूर्वेला कृष्णेत जायचं, ते बोगद्यातून डोंगर फोडून वीज करून आमच्या वाशिष्ठीत सोडतात, वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत. त्यामुळे वाशिष्ठी भर मे महिन्यात पण वाहती. कोकणातल्या बाकीच्या नद्या त्या वेळी दगड दाखवत असतात. आमच्या खाडीत भरतीचं खारं पाणी वर यायचं त्याला हे गोडं पाणी बारा महिने ढकलत असतं. यानं खाडीतलं प्लवक बदललं असणार ना? आणि एक, पोफळीकडून येणारं पाणी उन्हाळ्यात पण गार लागतं, लहानपणापासून प्रश्न आहे.

काठावरचा

गार असण्याचं कारण बहुधा हे की वीजगृहाला पाणी जलाशयाच्या खोलातून घेतात, वरचं तापलेलं नाही. खोल पाण्यात ऊन नाही म्हणून वनस्पती प्लवक फार कमी. म्हणजे दोन प्रकारची धरणं धरा, एक वरून सांडणारं, ते खाली नदीला तयार प्लवकाचं ताट वाढतं, आणि एक तळातून सोडणारं, ते गार, नितळ, जवळपास उपाशी पाणी सोडतं. राधानगरीत लक्ष्मी तलावाचे (राधानगरी धरणाचे) स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात उघडतात तेव्हा वरचं जातं, एरवी वेगळं. एकाच धरणाची दोन तोंडं.

खाडीचं तर्कानं एवढंच म्हणतो की गोड्या पाण्यातलं प्लवक खाऱ्याला भेटलं की मरतं आणि खाऱ्यातलं गोड्याला. ही गाठभेट जिथं होते ती जागा भरतीबरोबर वरखाली सरकायची, आता बोगद्याच्या पाण्यानं खाली ढकलली असणार. कुणीतरी दाभोळपर्यंत जाळी ओढत गेलं पाहिजे. होडीचं भाडं तुम्ही द्या, मी येतो.

निवृत्त कालवेवाला

मूळ प्रश्न राहिला, तिसऱ्या बाटलीतली पाणपिसवा गेली कुठं?

काठावरचा

बरं झालं आठवण केलीत. मला वाटतं तीन ठिकाणी गेली. बंधाऱ्याखाली जिथं पाणी पडतं तिथं बारकी मासळी रांगेत उभी असते, वरून येणारं ताट खायला, खंड्या आणि बगळे त्या मासळीला खायला. दुसरं, उथळात दगडावरच्या जाळी विणणाऱ्या अळ्या, पाण्यातून येईल ते गाळून खातात. एक दगड उलटा करून बघा, खाली मऊ रेशमी झोळी दिसेल, प्रवाहाकडं तोंड करून लावलेली. माझ्यापेक्षा बारीक जाळी. आणि तिसरं, खळखळाटात आपटून मरतात. मोठ्या अंगाची पाणपिसू आधी संपते, बारीक रोटिफर जरा लांब जातात. प्लवक धरणाखाली काही किलोमीटरात असं विरत जातं हे बऱ्याच नद्यांवर दिसलंय.

पण आता भोगावतीवर पुढचा बंधारा किती लांब? तिथवर नदीला श्वास घ्यायला उथळ पट्टा उरतोच किती? आमच्याकडं एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या पायथ्याला जवळजवळ टेकलेला आहे. मग उन्हाळ्यात ती नदी नसते, एकापुढं एक मांडलेल्या परातीच. गाळणारे दगड बुडालेले, म्हणून वरच्या परातीचं प्लवक खालच्या परातीत बियाणं म्हणून जातं.

इरसाल पाटील

मग महिन्यातून एकदा बर्गा काढून धुवून काढायचं का? उपसाबंदीच्या (नदीतून मोटारीनं पाणी उचलायला बंदी असती त्या) टायमाला कुणी काढू देणार न्हाई, आधीच सांगतो. डोकी फुटतील.

निवृत्त कालवेवाला

मधला बर्गा. ना वरचा ना तळचा. आम्ही कधी केलं नाही, पण खाचेत फटीसाठी बर्गा वीतभर उचलून ठेवता येतो, मधल्या थराचं पाणी हलेल, काळं येणार नाही. आवर्तन चालू असतानाच करायचं म्हणजे साठा उतरत नाही, जे डोक्यावरून सांडणार होतं तेच मधून जाईल. रबर पट्टी परत बसेल का ते मात्र नशीब.

काठावरचा

काका हे मला सुचलं नसतं. वरून सांडण्याऐवजी मधून. बंधारा समितीत तुम्ही बोलणार असाल तर मी आधीच्या आणि नंतरच्या बाटल्या भरून देतो.

कोथरूडकरीण

जाळी कुठं मिळते हो? मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टला करायचंय, खडकवासल्याच्या काठी.

काठावरचा

विकतची महाग. इचलकरंजीत स्क्रीन प्रिंटिंगचं नायलॉन कापड मिळतं, पुण्यातही मिळेल, दुकानात छिद्र किती मायक्रॉनचं ते विचारायचं, ६०च्या आसपास बास. शंकूसारखं शिवायचं, वरच्या तोंडाला जाड तारेचं कडं, खाली औषधाची प्लास्टिकची बाटली बुडाकडून कापून दोऱ्यानं घट्ट बांधायची. शिवण दुहेरी घाला. मुलाला काठावर उभा करा, पाण्यात नको.

काठावरचा (सात आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. बर्गे निघाले. दोन दिवस आधी समितीनं मधला बर्गा उचलायला परवानगी दिली होती पण तो गंजून खाचेत बसला होता, चार माणसांना हलला नाही, त्यामुळे काकांचा प्रयोग ऑक्टोबरनंतर.

पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच तीन जागी गेलो. तिन्ही बाटल्यांत एकच, तांबडी माती. मायक्रोस्कोपखाली मातीचे कण, फुटक्या डायटमच्या डब्या, दुसऱ्या बाटलीत एक ब्रॅकिओनस एकटाच गरगरताना. सगळी वस्ती कर्नाटकात गेली.

पण बर्गे काढायच्या आदल्या दिवशी मी बंधाऱ्यामागच्या काठाचा मूठभर चिखल आणला होता, माळ्यावर कागदावर सुकवला होता. पाऊस सुरू झाल्यावर तो बादलीत टाकून वर पागोळीचं पाणी धरलं आणि विसरलो. काल बायको बादली ओतायला निघाली, म्हणाली यात डास झालेत. उजेडाला धरून बघितलं तर डास नव्हते, झटके देत वरखाली करणाऱ्या दहाबारा पाणपिसवा. सुकल्या चिखलात त्यांची सुप्त अंडी होती, पाणी मिळालं तशी फुटली.

बादली आता टेबलाखाली आहे. अंगणातली दुसरी शोधतेय ती.